स्क्रू निळा करायचा: दिव्यावर की पितळेच्या किसात?

घड्याळाचा पोलादी स्क्रू घरी घडवला, लाल तापवून तेलात विझवला, की कडक होतो आणि तेवढाच ठिसूळही. म्हणून तो पुन्हा साधारण 290 ते 300 अंश सेल्सियसपर्यंत तापवायचा. ठिसूळपणा उतरतो, वर निळा रंग चढतो.

स्पिरिटच्या दिव्यावर थेट धरलं तर काम झटपट. पण एवढ्याशा स्क्रूवर फिकट पिवळा, तपकिरी, जांभळा असे रंग भराभर पालटतात. निळ्यावर नेमका उचलायला जावं तर तो राखाडी झालेला. बारीक टोक आधी तापतं, डोकं मागे राहतं. शिवाय पंखा बंद हवा, म्हणजे फोंड्यातल्या मे महिन्यात शिक्षाच!

दुसरी रीत म्हणजे पितळेचा कीस छोट्या ताटलीत घेऊन खालून तापवायचा आणि स्क्रू त्यात रोवायचा. किसात वेळ जातो, पण आच सगळीकडून सारखी लागते. डोकं वर ठेवून रोवला की रंग निवांत न्याहाळता येतो; जांभळा सरता सरता उचलायचा. माझं मत किसालाच. दिवा घाईच्या एखाद्या स्क्रूपुरता.

दोन्हींत तापवण्याआधी पॉलिश केलेल्या स्क्रूला बोट लावू नका, डाग उमटतो. आणि निळा थर अगदी पातळ असतो. गोव्याच्या पावसाळ्यात त्याच्यावर न विसंबता स्क्रू सिलिका जेलच्या डबीत ठेवा.