१३० ईक्यू की ६ इंची डॉब? आधी गॅलरी मोजा

ऑफिसमधल्या ऐरोलीच्या एका मित्राने परवा डबा खाताना विचारलं, मुलगी सातवीत आहे, टेलिस्कोप पाहिजे म्हणून मागे लागलीय, तर १३० मिमीचा ईक्यू स्टँडवाला (ज्याचा एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे धरावा लागतो) घेऊ की थोडे पैसे वाढवून ६ इंची डॉब्सोनियन (थोडक्यात डॉब, जमिनीवरच्या लाकडी खोक्यात फिरणारी नळी) घेऊ. मी त्याला उलट विचारलं, तुझ्या सोसायटीच्या टेरेसची चावी कोणाकडे असते? त्याला वाटलं मी विषय बदलतोय.

यातला १३० माझ्याकडे आहे, घोडबंदर रोडला अकराव्या मजल्यावर, आणि ६ इंची डॉब खारघरला माझ्या मेव्हण्याकडे. दोन्हीवर भरपूर डोळे फोडून झालेत, म्हणून कागदावरचं सोडून वापरताना काय होतं ते लिहितो.

आधी आकडे उरकून टाकू. माझा १३०/९००, म्हणजे आरसा १३० मिमी, फोकल लेंथ ९००. त्याचा १५०/१२०० (६ इंच म्हणजे साधारण १५० मिमी). फोकल लेंथला आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) मिमीने भागलं की पट मिळते, म्हणजे सोबत येणारे २५ आणि १० चे आयपीस लावले की माझ्यात ३६ पट आणि ९० पट, त्याच्यात ४८ आणि १२० पट. प्रकाश आरशाच्या क्षेत्रफळावर ठरतो, तर त्याचा माझ्यापेक्षा साधारण एक तृतीयांश जास्त गोळा करतो. फरक आहे, पण वेडं व्हावं इतका नाही. खोक्यावर "५२५ पट" वगैरे छापलेलं असतं त्याला भुलू नका, मिलिमीटरला दोन पट हा ढोबळ हिशोब धरा, म्हणजे १३० ला फार तर २६० आणि आपल्याकडच्या हवेत बऱ्याच रात्री दीडशेच्या वर चित्र नुसतं उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखं दिसतं.

खरा फरक स्टँडचा आहे, आणि तो मला कळला एका जानेवारीत. १० जानेवारी २०२६ ला गुरू प्रतियुतीत (सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला, रात्रभर दिसणारा) होता, मिथुनेत, पुनर्वसूच्या जवळ, म्हणून त्या आठवड्यात मी माझं सगळं सामान गाडीत घालून खारघरला गेलो आणि दोन्ही टेलिस्कोप टेरेसवर शेजारी शेजारी लावले. मेव्हण्याने खालचा गोल पाट ठेवला, वर नळी ठेवली, दोन मिनिटांत तो गुरूवर. मी अजून ट्रायपॉडचे पाय समान करत होतो, मग वजन सरकवून बॅलन्स, मग ध्रुव शोधणं, मग नळी अशा कोनात आली की आयपीस खाली जमिनीकडे, म्हणून रिंगा सैल करून नळी फिरवली, तर फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) हलला. वीस मिनिटं गेली. मेव्हण्याची मुलगी मला म्हणाली, काका तुमचा टेलिस्कोप जुळवायचा आहे की बघायचा?

लावून झाल्यावर चित्र दोन्हीकडे छान. चार चंद्र, मधले दोन गडद पट्टे, त्याच्या १२० पटीत वरच्या पट्ट्याची कड जराशी कुरतडल्यासारखी दिसत होती, माझ्यात पट्टे सरळ. पण माझ्यात फोकसच्या चाकाला बोट लावलं की गुरू थरथरायचा आणि शांत व्हायला तीन-चार सेकंद, वारा असेल तर तेही नाही. कारण या किमतीत ईक्यूचे पाय पातळ पत्र्याचे येतात आणि त्यावर नळी, वजनाचा दांडा, वजन, सगळं उंच टांगलेलं. डॉब जमिनीला टेकलेला लाकडी खोका, त्यात थरथरायला काही नाहीच.

आता ईक्यूची बाजूही सांगतो, नाहीतर मेव्हणा म्हणेल भाऊजी हरले. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे १२० पटीला मधोमध आणलेला गुरू पाऊण-एक मिनिटात काठाला जातो. डॉबमध्ये नळी बोटाने ढकलत राहायचं, आणि टेरेसवर सात-आठ पोरं रांगेत असली की प्रत्येकाच्या आधी परत जुळवून द्यायचं. माझ्यात ध्रुवाकडे अक्ष नीट धरला की एकच नॉब हळूहळू फिरवत अर्धा तास गुरू जागचा हलत नाही. शिवाय अगदी डोक्यावरची गोष्ट डॉबमध्ये त्रासाची, नळी उभी झाली की आडवं ढकलायला जोरच मिळत नाही. आणि आपण १९ अंशावर, त्यामुळे त्या दिवसांत मध्यरात्री गुरू जवळजवळ बरोबर डोक्यावरून जायचा.

पण "ध्रुवाकडे अक्ष नीट धरला की" यातच सगळी मेख आहे. ठाण्यातून ध्रुव क्षितिजापासून फक्त १९ अंश वर, म्हणजे समोर एक टॉवर असला की संपलं. माझी गॅलरी दक्षिणेकडे, ध्रुव माझ्या किचनच्या भिंतीमागे. मग मोबाईलच्या होकायंत्रावर अंदाजाने उत्तर धरायची, स्टँडवर १९ लावायचे (माझ्या स्टँडला इतक्या खाली नेलं की वजनाचा दांडा पायाला अडतो, ही अडचण आपल्यासारख्या कमी अक्षांशावर बऱ्याच जणांना येते) आणि चालवून घ्यायचं. बघायला तेवढं पुरतं, पण ईक्यूचे पैसे ज्यासाठी मोजले ते अर्धंच वसूल.

गॅलरीचंच अजून एक. वर स्लॅब असतो, त्यामुळे डोक्यावरचं आकाश नाहीच, ग्रह उगवताना किंवा मावळताना त्या पट्टीत आला तरच. डॉब बुटका असतो, तो गॅलरीत ठेवला तर समोर कठडा, मग खाली भक्कम स्टूल पाहिजे. आणि जमिनीवर किती जागा लागते ते मोजा. माझ्या मित्राने टेप लावली तर गॅलरी तीन फूट, त्यात वॉशिंग मशीन. तीन फुटांत ईक्यूचे पाय पसरून माणूस मागे उभा राहू शकत नाही, कपड्यांच्या दोरीसकट तर नाहीच.

म्हणून चावीचा प्रश्न. टेरेस मिळत असेल, लिफ्ट वरपर्यंत जात असेल, तर ६ इंची डॉब, मी दुसरा विचार करणार नाही. नळी साधारण चार फुटी आहे, दोन फेऱ्या लागतात, पण एकट्याने होतं. सेक्रेटरी दर वेळी अर्ज मागत असेल आणि सगळं गॅलरीतूनच बघायचं असेल, तर दोन्ही नको. मग ७० मिमीचा लेन्सवाला साध्या वर-खाली-डावी-उजवी स्टँडवर घ्या, चंद्राचे खड्डे, गुरूचे चंद्र, शनीची कडी (मार्च २०२५ मध्ये ती कडेवर आल्याने काडीसारखी झाली होती, आता परत उघडतायत) सगळं दिसतं, आणि मुख्य म्हणजे तो रोज बाहेर निघतो. पैसे जास्त असतील तर १२७ चा मॅक्सुटॉव्ह (आरसा आणि लेन्स दोन्ही असलेला प्रकार), १५०० फोकल लेंथ असूनही नळी हातभराची, सॅकमध्ये घालून अंधाऱ्या आकाशासाठी वांगणीला कर्जत लोकलने नेता येतो. डॉब लोकलमध्ये न्यायचं स्वप्न बघू नका, सकाळच्या परतीच्या गाडीत लोक तुम्हाला नळीसकट उतरवतील. मेव्हणा वॅगन आरची मागची सीट पाडून नेतो.

वांगणीचं म्हणालो कारण ठाणे-नवी मुंबईच्या दिव्यांनी उजळलेल्या आकाशात तेजोमेघ, दीर्घिका वगैरेसाठी मोठा आरसा घेऊन फार काही हाती लागत नाही. मृगातला तेजोमेघ दिसतो, देवयानी म्हणजे पुसट डाग. तोच डॉब वांगणीला एप्रिलमध्ये नरतुरंगातल्या ओमेगा सेंटॉरी या तारकागुच्छावर लावला तेव्हा मेव्हण्याने दहा मिनिटं आयपीस सोडला नाही, साखर सांडल्यासारखे तारे. खगोल मंडळ या आकाशप्रेमींच्या संस्थेचे रात्रभराचे कार्यक्रम तिकडे होत आलेत, आधी तिथे जाऊन दुसऱ्यांच्या टेलिस्कोपला डोळा लावा आणि मग खरेदी करा, निम्मे गैरसमज तिथेच मिटतात.

डॉबबद्दल एक गंमत, हा स्टँड प्रसिद्ध केला तो जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत सोसायटीच्या मठात संन्यासी होता, जहाजाच्या खिडकीच्या जुन्या काचा घासून आरसे करायचा आणि पुठ्ठ्याच्या नळीत बसवायचा. मठ सुटल्यावर १९६८ पासून फुटपाथवर टेलिस्कोप लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवत बसला. स्वस्तात मोठा आरसा ही आयडिया तिथली आहे.

घेऊ नये असा एक प्रकार मात्र सांगतो. नळी जेमतेम दीड फुटाची आणि लिहिलेलं असतं फोकल लेंथ १०००. त्यात फोकसरच्या आत एक जास्तीची लेन्स चिकटवलेली असते, बर्ड-जोन्स म्हणतात त्याला, आणि स्वस्तातल्यांत ती लेन्स कॉलिमेशन (आरसे एका रेषेत जुळवणं) करायला गेलं की आड येते, चित्र कधी धारदार होतच नाही. दुसरं, आयपीस सव्वा इंचीच असले पाहिजेत, ०.९६५ इंचाचे असतील तर पुढे काही बदलता येत नाही.

ॲक्सेसरीजवर सुरुवातीला पैसे उडवू नका. सोबतचा प्लास्टिकचा बार्लो (पट वाढवायची जोडलेन्स) ड्रॉवरमध्ये टाका. दोन-तीन महिन्यांनी ३२ चा एक चांगला प्लॉस्ल (आयपीसचा एक प्रकार) घ्या, चंद्रासाठी आणि कृत्तिकांसाठी. कॉलिमेशनला साधी भोकाची टोपी पुरते, स्वस्त लेझर स्वतःच वाकडा निघतो. मोबाईल अडकवायचा होल्डर मुलांसाठी घ्याच, चंद्राचा फोटो व्हॉट्सॲपवर गेला की घरचे खर्चाबद्दल बोलत नाहीत. आणि आयपीसला स्क्रू होणारा सोलर फिल्टर मिळाला तर तो फेकून द्या, कोणाला देऊसुद्धा नका, उष्णतेने तडकतो आणि डोळा जातो. सूर्यासाठी फिल्टर नळीच्या तोंडावरच, नाहीतर सूर्य नको.

जूनपासून चार महिने टेलिस्कोप झोपलेलाच असतो, तेव्हा आयपीस हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा नाहीतर बुरशी येते, एकदा आली की काचेवर जाळं कायमचं. एसीच्या खोलीतून थेट बाहेर काढला की आरशावर वाफ धरते, तासभर आधी बाहेर ठेवा. आणि आरसा पुसू नका. माझ्या वडिलांनी प्रेमापोटी माझा आरसा जुन्या बनियनने पुसला, ॲल्युमिनियमचा मुलामा काचेच्या वरच्या बाजूला असतो हे त्यांना काय माहीत, बारीक गोल गोल ओरखडे आलेत. तरी गुरू दिसतो, धूळ-ओरखड्यांनी वाटतं तितकं बिघडत नाही, म्हणूनच सेकंडहँड बघायला गेलात तर नळीत टॉर्च मारून घाबरू नका, टॉर्चमध्ये नवा आरसाही भयंकर दिसतो. फोकसर ढिला आहे का, स्टँड टपली मारल्यावर किती वेळ डुलतो, हे बघा.

मित्राला शेवटी कळलं की टेरेसची चावी वॉचमनकडे असते आणि वॉचमन साताऱ्याचा, ओळखीचा. त्याने डॉब बुक केलाय.