मुंबईचं पुढचं पाणी: दमणगंगेचं, समुद्राचं की सांडपाण्याचं?

पाणीकपात लागली की सोसायटीच्या सभेत नदीजोडाचा विषय निघतोच. सात तलावांतून रोज साधारण ४,००० दशलक्ष लिटर पाणी येतं, ते पुरत नाही. मग सोसायटीने हरकती-सूचना पाठवताना वजन कुठे टाकायचं? माझा कल आधीच सांगून टाकतो: सांडपाण्याचा पुनर्वापर पहिला, मनोरीला गोडं केलेलं समुद्राचं पाणी गरजेपुरतं, नदीजोड सगळ्यात शेवटी.

आकड्यात दमणगंगा-पिंजाळ जोड भरभक्कम आहे: रोज १,५८६ दशलक्ष लिटर. दमणगंगेवर भूगड, वाघ नदीवर खारगीहिल अशी दोन धरणं आणि तिथून पिंजाळच्या प्रस्तावित धरणापर्यंत सुमारे ४२ किलोमीटर बोगदे. बोगदा म्हटलं की माणसं निर्धास्त होतात. उघड्या कालव्यापेक्षा तो बरा, हे मान्य. भंडाऱ्याकडे गोसीखुर्दच्या कालव्यात रानातली जनावरं पडून मेल्याच्या बातम्या येत असतात. काँक्रीटचं अस्तर तिरक्या उताराचं आणि गुळगुळीत. पाण्याला आलेल्या चितळाचे खूर शेवाळावरून घसरतात आणि वर चढायला पाय रोवावा अशी खाच कुठेच नसते. पोहून पोहून ते दमतं. ठरावीक अंतरावर खडबडीत उतार केले, जंगलातला भाग झाकला, तर हे बरंचसं टळतं. पण असल्या कामांना निधी नेहमी ‘पुढच्या टप्प्यात’ मिळतो.

बोगद्यात हे संकट नाही. त्याचं दुखणं दोन्ही टोकांना आहे. धरणाच्या वर रान आणि पाडे बुडणार, खाली नदी रोडावणार. ‘पावसाचं पाणी समुद्रात वाया जातं’ हे वाक्य आपण सहज फेकतो, पण दमणगंगेच्या मुखाशी आणि पिंजाळ जिला मिळते त्या वैतरणेच्या खाडीत कांदळवन, कोळंबी, माशांची पिल्लं जगतात ती गोड्या पाण्याच्या याच लोंढ्यावर. आणि ‘वरून ठरलंय, आता काय’ म्हणणाऱ्यांसाठी: शेजारचा पार-तापी-नर्मदा जोड आदिवासींच्या विरोधानंतर गुजरात सरकारने २०२२ मध्ये मागे घेतला.

मनोरीचा समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प आधी २०० आणि पुढे ४०० दशलक्ष लिटरचा. गाव बुडत नाही, पावसाची वाट पाहावी लागत नाही. मात्र हजार लिटरमागे तीन-चार युनिट वीज जाते आणि उरलेलं तीव्र खारं पाणी परत समुद्रातच सोडावं लागतं. ते कुठे आणि किती लांब, हे मच्छीमारांना आधी सांगायला हवं.

आता सांडपाणी. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर, भांडुप या सात नव्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांची क्षमता मिळून रोज २,४६४ दशलक्ष लिटर, म्हणजे नदीजोडापेक्षाही जास्त. ते सगळं पिण्यायोग्य होणार नाही. पण फ्लश, बागा, बांधकाम, एसीचे कूलिंग टॉवर यांना पिण्याचं पाणी हवंच कशाला? खरी अडचण वेगळी आहे: जुन्या इमारतींत एकच पाइपलाइन. दुसरी टाकायची तर खर्च सोसायटीच्या गळ्यात पडतो, आणि त्यावर सभेत तासभर वाद ठरलेला.

नदी-खाडीच्या दृष्टीने मात्र याच्याइतका चांगला पर्याय नाही. मिठीत आणि ठाणे खाडीत जाणारी घाण कमी होते. (ठाणे खाडीतलं शेवाळ सांडपाण्यावर माजतं आणि तेच रोहितांचं (फ्लेमिंगोंचं) खाणं, त्यामुळे पक्षी कमी होतील, अशी शंका काही जण काढतात. ती अगदीच फोल नाही. पण २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेलेली खाडी मैल्यावर पोसायची, हा काही संवर्धनाचा मार्ग नव्हे.)

इतकं करूनही नदीजोडालाच कौल द्यायचा असेल, तर निदान सशर्त द्या. धरणाखाली कुठल्या महिन्यात किती पाणी सोडणार याचा आकडा मागा, बोगद्याचा राडारोडा ओढ्यांत टाकणार नाही अशी लेखी हमी घ्या, आणि सातही केंद्रांचं पाणी प्रत्यक्ष वापरात आल्याशिवाय धरणाची निविदा नको, असं हरकतीत स्पष्ट लिहा.