इलेक्ट्रोडसाठी विकली जाणारी बोरॉन-डोप्ड डायमंड फिल्म: एक्स-रे स्पेक्ट्रोस्कोपीला कितपत चालते?

सिलिकॉनच्या चकतीवर चढवलेली, काळपट, खरखरीत बोरॉन-डोप्ड डायमंडची (बोरॉन मिसळलेल्या हिऱ्याची) फिल्म आज तयार विकत मिळते. ती बनते मुख्यतः विद्युतरसायनवाल्यांसाठी. पण अतिसंवाहक (अतिथंडीत विद्युतरोध शून्य होणाऱ्या) हिऱ्याची इलेक्ट्रॉनिक रचना सॉफ्ट, म्हणजे कमी ऊर्जेच्या, एक्स-रेखाली बघायची असली की अनेक जण तीच मागवतात, कारण वायूपासून फिल्म वाढवणारा स्वतःचा सीव्हीडी रिअ‍ॅक्टर प्रत्येकाकडे नसतो. हा माल त्या कामाला पुरतो का? अर्धामुर्धा पुरतो.

पहिली अडचण सोबतच्या माहितीपत्रकाची. त्यात बोरॉनचा आकडा असतो, पण बऱ्याचदा तो वायुमिश्रणातल्या बोरॉन-कार्बनच्या प्रमाणाचा असतो, फिल्ममधला नव्हे. दोन्हींत मोठा फरक पडतो, कारण स्फटिकाच्या (१११) दिशेच्या पृष्ठावर बोरॉन (१००) दिशेच्या पृष्ठापेक्षा खूप सहज शिरतो आणि बहुस्फटिकी (अनेक बारीक स्फटिककणांच्या) फिल्ममध्ये दोन्ही पृष्ठं शेजारी-शेजारी वाढतात. फिल्ममध्ये बोरॉन साधारण ०.२ टक्क्याच्या, म्हणजे २,००० पीपीएमच्या आसपास गेला की हिरा धातूसारखा वागू लागतो. २००४ मध्ये रशियातल्या एकिमोव्ह यांच्या गटाने उच्चदाबाखाली बनवलेल्या ज्या हिऱ्यात ४ केल्विनजवळ अतिसंवाहकता दाखवली, त्यात तो जवळजवळ ३ टक्के होता. इलेक्ट्रोडचा माल यांच्या मध्ये कुठेही असू शकतो. काळा दिसतो म्हणून अतिसंवाहक असेलच, असं नाही.

सिम्सचा (पृष्ठावर आयनांचा मारा करून सुटणारे अणू वजनानुसार मोजणाऱ्या चाचणीचा) अहवाल मिळाला तरी हुरळून जाऊ नये. सिम्स प्रत्येक बोरॉन अणू मोजतं: कार्बनच्या जागी बसलेला, जोडीने अडकलेला, कणसीमेवर (दोन स्फटिककणांच्या सांध्यावर) साचलेला, सगळे एकाच मापात. होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, जिच्यामुळे वीज वाहते) देतो तो फक्त पहिला. एक्स-रे शोषणाचा खरा उपयोग इथे आहे. बोरॉनची के-एज (आतल्या इलेक्ट्रॉनचं शोषण जिथे सुरू होतं ती ऊर्जा) १८८ इलेक्ट्रॉन-व्होल्टजवळ येते. त्यापुढे १९२ला टोकदार शिखर दिसलं तर षट्कोनी बोरॉन नायट्राइडसारखा सपाट बंधांचा बोरॉन आहे; १९४ला दिसलं तर ऑक्साइड. जागेवर बसलेल्या बोरॉनची अशी सुईसारखी शिखरं नसतात.

ही मोजणी मात्र सोपी नाही. मोनोक्रोमेटर (हवी ती एकच ऊर्जा निवडणारं यंत्र) १८८वर असताना दुसऱ्या क्रमाचा, म्हणजे दुप्पट ऊर्जेचा, ३७६चा प्रकाशही सोबत येतो, आणि तो कार्बनची २८४ची एज आरामात ओलांडतो. नमुन्यात ९७ टक्के किंवा त्याहून जास्त कार्बन, त्यामुळे इलेक्ट्रॉन-यील्डमध्ये (बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या मोजणीत) बोरॉनची एज एका मोठ्या टेकाडावरच्या खड्याएवढी उरते. क्रम गाळणारे आरसे वापरावेत किंवा ऊर्जा ओळखणाऱ्या डिटेक्टरने फक्त बोरॉनचं फ्लुओरेसन्स (शोषणानंतर परत निघणारे एक्स-रे) वेचावं.

कार्बनच्या बाजूला दुखणं वेगळं. शुद्ध हिऱ्याचा एक्सिटॉन (बांधलेल्या इलेक्ट्रॉन-होल जोडीचं टोकदार शिखर) २८९.३ला आणि ३०२.५ला खोल दरी, ही ओळख चांगल्या फिल्ममध्ये स्वच्छ दिसते. होलच्या अवस्था दिसतात त्या गॅपच्या (शुद्ध हिऱ्यात इलेक्ट्रॉनला मनाई असलेल्या ऊर्जांच्या) भागात, २८४च्या आसपास आणि त्याखाली. नेमकं २८५ला ग्राफाइटी कार्बनचं शिखर उभं राहतं आणि त्याची शेपटी होलवर पडते. इलेक्ट्रोडच्या मालात कणसीमांवर असा कार्बन हमखास सापडतो. गरम सल्फ्युरिक-नायट्रिक मिश्रणात (अर्थात फ्यूमहूडमध्येच) धुतल्यावर पृष्ठावरचा बराचसा जातो, पण पृष्ठ हायड्रोजनऐवजी ऑक्सिजनने झाकलं जातं आणि २८७.५जवळचं कार्बन-हायड्रोजनचं शिखर ओसरतं. आतल्या कणसीमांना आम्ल पोचत नाही. म्हणून इलेक्ट्रॉन-यील्ड (वरचे काही नॅनोमीटर) आणि फ्लुओरेसन्स-यील्ड (त्याहून बरंच खोल) दोन्ही एकाच वेळी नोंदवावेत. २८५चं शिखर फक्त पहिल्यात असेल तर दोष धुण्याचा. दोन्हींत असेल तर मालच तसा.

नमुना कार्बन टेपवर चिकटवणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त होणारा घोटाळा. इंडियम किंवा धातूची क्लिप घ्यावी. आपाती प्रकाश मोजणाऱ्या जाळीवर सोन्याचा ताजा थर हवा. जुन्या जाळीवरचा आणि बीमलाइनच्या (प्रकाश नमुन्यापर्यंत आणणाऱ्या मार्गाच्या) आरशांवरचा कार्बन नेमक्या २८४-२९०मध्येच खाचा पाडतो, आणि नमुन्याच्या संकेताला जाळीच्या संकेताने भागल्यावर त्या खाचा ‘नव्या अवस्था’ म्हणून वर येतात! ऊर्जेचं माप जुळवण्यासाठी ग्राफाइटचं २८५.४चं शिखर शेजारीच मोजून ठेवावं. या दोन्ही एज इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवरच्या (एक्स-रे देणाऱ्या प्रवेगकावरच्या) सॉफ्ट एक्स-रे शोषण बीमलाइनच्या पल्ल्यात येतात.

निकाल काय द्यावा? बोरॉनची के-एज शिकायला, धुण्याची पद्धत बसवायला ही फिल्म उत्तम. डोपिंग जास्त असल्याने चार्जिंगचा त्रासही नाही. होल व्हॅलन्स बँडमध्येच (हिऱ्याच्या स्वतःच्या भरलेल्या अवस्थांतच) आहेत का, हा मूळ प्रश्न मात्र तिने सुटत नाही. योकोया यांच्या गटाने २००५ मध्ये कोनानुसार प्रकाश-उत्सर्जनाने (प्रकाशाने बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन कोनागणिक मोजून) हिऱ्याच्याच व्हॅलन्स बँडच्या माथ्यावर होल दाखवले, ते एपिटॅक्सियल, म्हणजे सगळी एकाच स्फटिकदिशेत वाढलेल्या, (१११) फिल्मवर. बहुस्फटिकीत कोनाची माहिती सरासरीत विरघळते. शिवाय बोरॉन तेवढाच असूनही (१११)चं अतिसंवाहक होण्याचं संक्रमण-तापमान (१००)च्या दुपटीहून जास्त भरतं.

म्हणून ऑर्डर देताना फक्त पीपीएम लिहू नये. २ केल्विनपर्यंतचा रोध-आलेख मागावा, आणि त्यावर सुरुवात व शून्य रोध अशी दोन्ही तापमानं हवीत. ताकानो यांच्या २००४च्या सीव्हीडी फिल्ममध्ये घसरण ७.४ केल्विनला सुरू झाली, रोध शून्यावर आला ४.२ला. विक्रेते बहुधा वरचाच आकडा सांगतात.