साड्यांच्या फोटोंसाठी इमेजमॅजिक: बरेच महिने वापरल्यानंतर

दुकानाच्या वेबसाइटसाठी ढीगभर फोटो हलके करायचे असतील तर इमेजमॅजिक हे कमांड लिहून चालवायचं सॉफ्टवेअर शिकून घ्या, असं मी आता नागपुरातल्या इतवारी-गांधीबागेतल्या ओळखीच्या सगळ्यांना सांगतो. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, १९९० पासून लोक वापरताहेत. फोटो कुठल्या साइटवर चढवायची गरज नाही, सगळं आपल्याच कॉम्प्युटरवर होतं.

माझं काम हातमागाच्या साड्यांच्या फोटोंचं, त्यातही करवती काठाच्या टसर रेशमाचं. लाल काठ, त्याला लागून बारीक दाते आणि मधे टसरचा मूळ रंग. काठ आणि अंग वेगवेगळ्या धोट्यांनी विणतात, दोन्ही जुळतात ते या दात्यांशी, म्हणून गिऱ्हाईक झूम करतं ते नेमकं दात्यांवर. आधी वापरायचो त्या ऑनलाइन साइटवरून फोटो छान हलके होऊन यायचे, पण दुकानातल्या मावशींनी मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन विचारलं, "भाऊ, काठाचे दाते कुठी गेले?"

कारण क्वालिटीच्या आकड्यात, म्हणजे फाइल किती दाबायची त्या सेटिंगमध्ये, नव्हतं. जेपेग फाइल उजेड-अंधार नीट जपते आणि रंगात काटकसर करते. ४:२:० पद्धतीत शेजारच्या चार पिक्सेलना मिळून रंगाची एकच नोंद राहते. निसर्गदृश्यात हे कळतही नाही, पण लाल दात्याची धार तिथेच पसरते. इमेजमॅजिकमध्ये क्वालिटी ९० च्या खाली ठेवली की ही काटकसर आपोआप सुरू होते. सॅम्पलिंग फॅक्टर ४:४:४, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला रंगाची स्वतःची नोंद, असं स्वतः लिहून दिलं की थांबते. मी क्वालिटी ८२ आणि ४:४:४ ठेवतो. फाइल थोडी वाढते, ती वाढू द्यावी. वजन खरं उतरतं ते लांबी-रुंदी कमी केल्याने. कॅमेऱ्याचा ६००० पिक्सेल रुंद फोटो वेबसाइटला लागतच नाही, १६०० पुरतो.

वेबपी या फोटोच्या नव्या फाइल प्रकाराबद्दल सगळे भरभरून बोलतात. मीही ते वापरतो, पण यादीतल्या छोट्या फोटोंपुरतं. साध्या, म्हणजे लॉसी (थोडी माहिती टाकून देणाऱ्या) वेबपीत रंगाची नोंद कायम ४:२:० च असते. शार्प वाययूव्ही हे रंगाच्या कडा जपणारं सेटिंग चालू केलं तर बराच फरक पडतो, तरी झूमच्या फोटोला मी जेपेगच ठेवतो. एव्हीआयएफ या आणखी एका फाइल प्रकारात ४:४:४ मिळतं आणि फाइलही लहान होते, पण मोठा गठ्ठा लावला की जुना लॅपटॉप तासन्‌तास घुमत बसतो.

नवख्याने दोन गोष्टी सांभाळाव्यात. मॉग्रिफाय ही कमांड मूळ फाइलवरच लिहिते, म्हणून पाथ, म्हणजे फोल्डरचा पत्ता, देऊन वेगळ्या फोल्डरमध्ये काढायचं, नेहमी. दुसरी स्ट्रिप या पर्यायाची. त्याने फोटोतली लपलेली माहिती जाते, आणि ती जायलाच हवी. आंधळगावला विणकराच्या घरी काढलेल्या फोटोत त्या घराचं लोकेशन असू शकतं, ते जगाला कशाला दाखवायचं? पण स्ट्रिप कलर प्रोफाइलही, म्हणजे रंग कसे दाखवायचे ती फाइलमधली नोंदही, काढून टाकतं. आयफोनचे फोटो बहुधा डिस्प्ले पी३ या जास्त गडद रंगांच्या पद्धतीत असतात. प्रोफाइल गेली की तोच लाल फिका दिसतो, आणि पार्सल उघडल्यावर गिऱ्हाईक म्हणतं रंग वेगळा आला. म्हणून आधी एसआरजीबी या वेबवरच्या नेहमीच्या रंगपद्धतीत बदलायचं, फोटो सरळ करणारं ऑटो-ओरिएंट लावायचं, मग स्ट्रिप. हा क्रम मी एका छोट्या स्क्रिप्टमध्ये बांधून ठेवलाय. फोल्डर द्यायचं आणि चहा प्यायला जायचं.

कमांड लिहायचीच नसेल तर एक्सएनकन्व्हर्ट हे सॉफ्टवेअर बघा. खिडक्या-बटणं आहेत आणि सबसॅम्पलिंगची, म्हणजे रंगातल्या त्या काटकसरीची, निवडही आहे. मात्र ते घरगुती वापरापुरतंच फुकट आहे, दुकानासाठी परवाना घ्यावा लागतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेल्या फाइली मी या कामाला घेत नाही. त्या आधीच दाबलेल्या असतात, गेलेले दाते परत आणायला कुठलंच सेटिंग नाही. पाठवणाऱ्याला सांगतो, दादा, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.