‘सीएसआर मिळवून देतो’ : छोट्या संस्थांना गंडवायची ठरलेली रीत

जानेवारी उजाडला की वाचनालयं, नाट्यसंस्था, व्याख्यानमाला चालवणाऱ्या मंडळींना फोन सुरू होतात. “सर, कंपनीचा सीएसआर फंड शिल्लक आहे, ३१ मार्चच्या आत वापरायचाय. तुमच्या संस्थेचं काम पाहिलंय.” सीएसआर म्हणजे मोठ्या कंपन्यांनी कायद्याने नफ्यातून सामाजिक कामांवर करायचा खर्च. काम कुणी पाहिलेलं नसतं, पाहिलेली असते स्मरणिका. शेवटच्या पानावर कार्यकारिणीची नावं, हुद्दे आणि मोबाइल नंबर छापायची आपली पद्धत आहे, आणि हल्ली तीच स्मरणिका पीडीएफ होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. इमारत निधीचं आवाहनही त्यातच असतं, म्हणजे संस्थेची नड किती लाखांची हेसुद्धा समोरच्याला आयतंच कळतं.

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची. आपल्या शहरांतल्या अशा संस्था वर्गणी आणि देणग्यांवर उभ्या राहिल्या. देणगीदार आपण होऊन दारात आला तर त्याची चौकशी करणं आपल्याला असभ्य वाटतं, आणि या धंद्यातली माणसं नेमकी त्यावरच जगतात.

पुण्याच्या एका उपनगरातल्या वाचनालयाचे पैसे कसे गेले, ते क्रमाने पाहा. छत गळत होतं, दुरुस्तीचा अंदाज ११ लाखांचा होता. “प्रस्ताव २५ लाखांचा करा, कंपनी काटछाट करतेच,” असं फोन करणाऱ्या मध्यस्थाने सांगितलं. त्याने सुरुवातीला मागितलेली कागदपत्रं रास्त होती: पॅन, नोंदणी प्रमाणपत्र, आयकर खात्याची १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) प्रमाणपत्रं, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, रद्द केलेला चेक. त्यात संस्थेच्या घटनेची प्रतही होती. मग प्रकल्प अहवालाचे १५,००० रुपये, ‘साइट व्हेरिफिकेशन’चे १८,०००, करारावरच्या मुद्रांक शुल्काचे अर्धा टक्का म्हणजे १२,५००, आणि दोन टक्के, नंतर परत मिळणार असलेली अनामत ५०,०००. ही अनामत मात्र २५,००० च्या दोन हप्त्यांत मागितली. कारण सोपं होतं. घटनेनुसार कार्यवाहांना २५,००० पर्यंतचा खर्च स्वतःच्या सहीने करता येत होता, त्यापुढे कार्यकारिणीची मंजुरी लागली असती. घटना त्याने वाचली होती. आपल्याकडे ती निवडणुकीच्या वादातच वाचतात. शेवटी या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी, १७,१९० रुपये. एकूण १,१२,६९० रुपये गेले आणि कार्यकारिणीसमोर विषय आला तो फोन बंद लागायला लागल्यावर.

आता यातली एकेक रक्कम घेऊ. सर्वसाधारण सामंजस्य कराराला महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो आणि तो आपण स्वतः घेऊ शकतो. प्रस्तावाच्या रकमेवर अर्धा टक्का असं काही नसतं. देणगीदाराने देणगी घेणाऱ्याकडून जीएसटी वसूल करायचा, हे कुठल्याच कायद्यात बसत नाही. अनामतीचा तर प्रश्नच येत नाही. कंपनीला संस्थेवर भरवसा नसेल तर ती पैसे टप्प्याटप्प्याने देते, पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचं विनियोग प्रमाणपत्र मागते, माणूस पाठवून काम बघते. आधी पैसे मागत नाही. प्रकल्प अहवाल लिहून देणारे प्रामाणिक सल्लागार आहेत, ते फी घेतात, पॅनसह बिल देतात आणि निधी मिळेलच अशी हमी देत नाहीत. मिळालेल्या निधीवर टक्केवारी सांगणाऱ्याला चहा पाजून निरोप द्यावा.

मंजुरीपत्र आलं की भले भले विरघळतात. ते नीट न्याहाळलं तर बरंच दिसतं. या वाचनालयाला आलेल्या पत्रावर डाव्या कोपऱ्यात कंपनीचं बोधचिन्ह आणि उजव्या कोपऱ्यात अशोकस्तंभ होता. खासगी कंपनीला राजमुद्रा वापरता येत नाही, २००५ च्या कायद्याने ती मनाई आहे. ईमेलच्या पत्त्यात कंपनीच्या नावापुढे आडवी रेघ, ‘सीएसआर’ आणि डॉट ऑर्ग. कंपनीचा खरा पत्ता तिच्या वार्षिक अहवालावर छापलेला असतो, दोन्ही शेजारी ठेवले की फरक कळतो. सोबत २५ लाखांच्या डिमांड ड्राफ्टचा फोटो. १५ सप्टेंबर २०१८ पासून ड्राफ्टच्या दर्शनी भागावर तो काढणाऱ्याचं नाव छापलेलं असतं. या फोटोत ते नव्हतंच. कधी ड्राफ्टऐवजी आरटीजीएसचा स्क्रीनशॉट येतो, ‘रिलीज चार्जेस भरले की रक्कम जमा होईल’ या निरोपासह. आरटीजीएसच्या यूटीआरमध्ये, म्हणजे व्यवहार क्रमांकात, २२ अक्षरं-अंक असतात. ते मोजण्यापेक्षा आपल्या शाखेत विचारणं सोपं. येणारी रक्कम सोडवायला घेणाऱ्याकडून कुठलीही बँक शुल्क मागत नाही.

कंपनी खरी आहे का, हे पाहायला पैसे लागत नाहीत. कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ‘मास्टर डेटा’त नाव टाकलं की स्थापनेची तारीख, पत्ता, भरणा झालेलं भांडवल दिसतं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार सीएसआरचं बंधन येतं ते आधीच्या आर्थिक वर्षात नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एक तरी गाठणाऱ्या कंपनीवर. खर्च करायचा तो मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के. आठ महिन्यांपूर्वी एक लाखाच्या भांडवलावर निघालेल्या कंपनीकडे सीएसआर शिल्लक असेल कुठून? आणि नाव बड्या कंपनीचं सांगितलं असेल, तर तिच्या संकेतस्थळावर सीएसआर समिती, धोरण आणि मंजूर प्रकल्प जाहीर करणं तिच्यावर बंधनकारक आहे. पत्रातल्या नंबरवर फोन करू नका, वार्षिक अहवालातल्या नंबरवर करा.

‘मार्च संपला की फंड परत जातो’ हे अर्धसत्य आहे. चालू प्रकल्पाची न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून पुढच्या तीन वर्षांत वापरता येते. इतर रक्कम सहा महिन्यांत केंद्राच्या ठरावीक निधीत जाते. ही घाई कंपनीची आहे. त्यापायी संस्थेने रविवारी रात्री पैसे भरायचं काही कारण नाही.

सीएसआरच्या यादीत, म्हणजे कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, सार्वजनिक वाचनालयं, कला-संस्कृती, वारसा वास्तू हे सगळं आहे. त्यामुळे आशा धरण्यात गैर काही नाही. पण कंपनीमार्फत काम घ्यायचं तर संस्थेकडे १२ए आणि ८०जी दोन्ही हवेत, तशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्म भरून मिळालेला नोंदणी क्रमांक हवा. या फॉर्मला सरकारी शुल्क नाही, प्रमाणित करणाऱ्या सीएची फी तेवढी. हा क्रमांक नसतानाही ‘मंजुरी’ आली असेल तर पुढचं काही तपासायचीसुद्धा गरज उरत नाही.

इथवर झाली पैसे घेणाऱ्यांची गोष्ट. त्याहून वाईट प्रकार म्हणजे खात्यात खरोखर पैसे येतात तो. “५० लाख जमा करतो, दहा टक्के संस्थेला ठेवा, बाकीचे आम्ही सांगू त्या व्हेंडरना द्या.” किंवा “चेक घ्या, साठ टक्के रोख परत करा.” पहिल्यात बहुधा सायबर फसवणुकीतला पैसा फिरवायला संस्थेचं खातं वापरलं जातं, दुसऱ्यात कंपनीचा हिशेबातला पैसा काळा होऊन रोखीत परत जातो. वर चालू खात्याचं नेट बँकिंग उघडायला सांगतात, त्याला जोडलेलं सिमकार्डही ‘कामासाठी’ मागून घेतात. कुठल्या तरी राज्यातला तक्रारदार पोलिसांकडे गेला की खातं गोठतं, आणि मग शासनाचं अनुदान, ग्रंथपालाचा पगार, वीजबिल सगळं अडकतं. विश्वस्तांना शेकडो मैलांवरच्या पोलीस ठाण्यातून नोटीस येते. खोट्या बिलांवर सही कोषाध्यक्षांची असते. मध्यस्थाचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. संस्थेच्या नेट बँकिंगमध्ये व्यवहार भरणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, अशी दोन माणसांची व्यवस्था बँकेकडून करून घ्यावी. दोन्ही ओटीपी एकाच फोनवर येत असतील तर ती व्यवस्था नावापुरतीच राहते.

आणखी एक चूक वारंवार होते. शुल्क भरायला संस्थेत पैसे नसले की सभासदांकडून हातउसने घेतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ए नुसार धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विश्वस्तांना संस्थेसाठी कर्ज काढता येत नाही. पैसे बुडाले की ते उसने संस्थेचे की कार्यवाहांचे, यावरून वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलणारी माणसं आपल्या गावोगावच्या संस्थांत आहेत.

फसवणूक लक्षात आली तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा, त्याच दिवशी, जमलं तर त्याच तासात. पैसा पुढच्या खात्यातून निघण्याआधी अडवला तरच हाती लागायची शक्यता असते. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, बँकेला लेखी पत्र आणि पोलीस ठाण्यात अर्ज. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. व्हॉट्सअ‍ॅपचं संभाषण नुसते स्क्रीनशॉट काढून ठेवू नका, चॅट एक्स्पोर्ट करा, फोन बदलू नका. ईमेल मूळ स्वरूपात जपून ठेवा. त्यानंतर कार्यकारिणीची तातडीची सभा घेऊन सगळा प्रकार इतिवृत्तात लिहा. लाजेपोटी ही रक्कम ‘प्रवास व किरकोळ खर्च’ या सदरात बसवली जाते, तसं करू नका. हिशेब तपासनिसाला गैरव्यवहार आणि नुकसान आपल्या अहवालात नोंदवावंच लागतं, आणि लपवलेली नोंद पुढे पोलिसांपुढे संस्थेच्याच विरोधात जाते. रक्कम तक्रार क्रमांकासह वेगळी दाखवा आणि त्या वर्षीच्या वार्षिक सभेत सभासदांना वाचून दाखवा.