नौपाड्यातलं फॅन रिपेअरचं दुकान, बिनधास्त जा

हॉलचा फॅन महिनाभर रडतखडत फिरत होता, पाचवर ठेवला तरी वारा नाही, आणि आधी घरी बोलावलेला माणूस म्हणे वाइंडिंग (मोटरमधली तांब्याच्या तारेची कॉइल) गेलंय, नवीनच घ्या. मग फॅन उतरवून ठाण्यात नौपाड्याला गोखले रोडच्या आतल्या गल्लीत एक छोटं दुकान आहे तिथे नेला. काकांनी आधी कॅपॅसिटर (फॅनच्या मोटरला जोडलेली, चार्ज साठवणारी छोटी डबी) काढला, दोन्ही वायरी टेकवून डिस्चार्ज केला आणि मीटरला लावला, वर छापलेली क्षमता २.५ मायक्रोफॅरड आणि मीटरवर जेमतेम १.४!

एवढ्याशा डबीने काय होतं विचारलं तर हातातलं काम ठेवून समजावलं, की घरच्या एसी सप्लायमध्ये (म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या करंटमध्ये) कॉइलचा करंट व्होल्टेजच्या मागे राहतो, कॅपॅसिटरचा पुढे पळतो, म्हणून फॅनच्या दोन वाइंडिंगपैकी एकीला कॅपॅसिटर जोडला की दोघींचे करंट पुढेमागे होतात आणि त्यातूनच फॅनला फिरवणारं मॅग्नेटिक फील्ड तयार होतं. आपल्या ५० हर्ट्झच्या सप्लायला २.५ वाला साधारण १२७० ओहम अडवतो, १.४ वाला २२७० च्या वर, मग कॅपॅसिटरवाल्या वाइंडिंगला पुरेसा करंट मिळणार कुठून. कॉलेजात हे असं कोणी सांगितलंच नव्हतं हो, खरंच.

नवीन कॅपॅसिटर, बेअरिंगला ग्रीस, सगळं अर्ध्या तासात. पार्किंग मात्र अजिबात नाही, स्टेशनवरून चालतच जा.