दहा वर्षांच्या मुलासाठी पोस्टाचं खातं: काय शिकवतं, कुठे अडतं

पोस्टाचं बचत खातं काही नवलाईची गोष्ट नाही. १८८२ पासून ते भारतात चालू आहे. काउंटरवर अजूनही कागदाची स्लिप भरावी लागते, आणि ‘सर्व्हर डाऊन’ हे शब्द तिथे नमस्कारासारखे कानावर पडतात. तरीही पाचवी ते आठवीच्या मुलांना व्याज, शिल्लक, दंड आणि मुदत म्हणजे काय हे हाताने कळावं म्हणून आमची पहिली पसंती याच खात्याला. गंमत अशी, की ज्या जुनाटपणाबद्दल मोठी माणसं कुरकुरतात, त्यातूनच मूल शिकतं. फोनवर बोट लावून पैसे गेले तर काही समजत नाही. ‘अक्षरी रुपये’ ही ओळ स्वतः लिहिली की समजतं.

दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने चालवायचं खातं उघडता येतं. फॉर्मवर अशा खातेदाराला ‘अज्ञान’ म्हणतात. मुलं हा शब्द वाचून हसतात किंवा रागावतात. अठरा वर्षांखालच्या मुलासाठीचा तो कायद्याचा शब्द आहे एवढं सांगून पुढे जावं. खातं उघडायला किमान ५०० रुपये लागतात, त्यानंतरचा भरणा १० रुपयांपासून चालतो. काढताना एका वेळी किमान ५० रुपये, आणि शिल्लक ५०० च्या खाली नेता येत नाही. म्हणजे खात्यात ७०० असतील तर मुलाच्या हातात प्रत्यक्षात २०० च. हे आधी सांगितलं नाही तर पहिल्यांदा पैसे काढायच्या दिवशी काउंटरवरच रडारड होते.

कागदपत्रं साधी: खातं उघडण्याचा फॉर्म, केवायसीचा (ओळख-पत्ता पटवण्याचा) फॉर्म, फोटो, मुलाचं आधार, जन्मदाखला, शिवाय पालकांची ओळख-पत्त्याची कागदपत्रं. अडतं ते नावात. जन्मदाखल्यावर मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम असतो, आधारवर आडनाव आधी येतं किंवा मधलं नाव गायब असतं. स्पेलिंगमधलं एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं तरी अर्ज परत येतो. घरून निघण्यापूर्वी दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षरन्‌अक्षर जुळवा. दुसरी खोच: अशा मुलाच्या नावावर पोस्टात एकच बचत खातं चालतं. आजोबांनी चार वर्षांपूर्वी पालक म्हणून उघडून ठेवलेलं पासबुक कपाटात असेल, तर नवं खातं मागू नका, तेच पुढे चालवा.

तिसरी अडचण सहीची. दहाव्या वर्षी सही दर आठवड्याला बदलते. खातं उघडण्याआधी पंधरा दिवस रोज पाच वेळा एकच सही वहीत करून घ्या. तीही नक्षीदार नको, शाळेच्या अक्षरात सरळ पूर्ण नाव. पैसे काढायच्या एसबी-७ या फॉर्मवर सही जुळली नाही तर काउंटरवरचा माणूस फॉर्म परत करणार, आणि त्याचं बरोबरच आहे. याच फॉर्मवर पैसे मिळाल्याची पोच म्हणूनही सही असते. ती नोटा मोजून झाल्यावर करायची, ही सवय याच वयात लावून घ्या. भरण्याची स्लिप वेगळी, तिला एसबी-१०३ म्हणतात.

या खात्याचा खरा धडा व्याजाच्या नियमात आहे. दर वर्षाला ४ टक्के, डिसेंबर २०११ पासून तोच. पण व्याज रोजच्या शिल्लकेवर मिळत नाही. महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंत खात्यात जी सर्वांत कमी रक्कम असेल, त्या महिन्याचं व्याज तेवढ्यावरच. जमा होतं ते वर्षअखेरीस. बँकांचा हिशोब रोजच्या शिल्लकेवर चालतो, त्यामुळे तिथे तारखेला फारसं महत्त्व उरत नाही. इथे तारीख हाच धडा.

तो वहीत मांडून दाखवा. समजा, ३ जूनला ५०० रुपयांनी खातं उघडलं आणि जुलैपासून दर महिन्याच्या ५ तारखेला १०० रुपये भरले. जूनचे ५००, जुलैचे ६००, असं करत मार्चचे १४००. या दहा रकमांची बेरीज ९५००. तिला ४ ने गुणून १२०० ने भागलं की ३१ रुपये ६७ पैसे. आता तेच शंभर रुपये ५ ऐवजी १२ तारखेला भरले असं धरा. जूनमध्ये ५००, पण जुलैतही ५००, ऑगस्टमध्ये ६००, आणि मार्चमध्ये १३००. बेरीज ८६००, व्याज २८ रुपये ६७ पैसे. पैसे तेवढेच, महिने तेवढेच, फक्त आठवडाभराचा आळस, आणि बरोबर तीन रुपये कमी. तीन रुपयांत आज पेन्सिलही धड येत नाही. पण हा हिशोब स्वतः केलेलं मूल पुढे तारीख चुकवत नाही. सहावी-सातवीच्या गणितात ‘बँक व सरळव्याज’ हा पाठ असतोच. पुस्तकातल्या उदाहरणांच्या जागी स्वतःचं पासबुक ठेवून तो सोडवला की धडा अंगात मुरतो.

यावरून व्यवहारात दोन गोष्टी निघतात. खातं महिन्याच्या १० तारखेच्या आत उघडा, नाहीतर तो महिना कोरडा जातो. आणि सहलीसाठी पैसे काढून परत भरायचे असतील तर १ तारखेला काढून १० च्या आत भरा, एका पैशाचंही व्याज बुडत नाही. २८ तारखेला काढले तर अख्ख्या महिन्याचं बुडतं.

४ टक्के हा आकडा अर्थशास्त्र शिकवायलाही सोयीचा आहे. देशात महागाईचं लक्ष्यही ४ टक्केच ठरवलेलं आहे, त्यात वर-खाली दोन टक्क्यांची सूट. म्हणजे महागाई नेमकी लक्ष्यावर असेल तर मुलाचे पैसे वाढतात, पण त्यात येणारा वडापाव तेवढाच राहतो. ‘मग खात्यात ठेवून काय फायदा?’ असा प्रश्न मुलाने विचारला की समजावं, शिकवणी लागू पडली.

उत्तर म्हणून त्याच काउंटरवरची आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक हप्ता भरायची आवर्ती ठेव, दाखवा. बचत खातं म्हणजे नळ, आरडी म्हणजे टाकी. दरमहा किमान १०० रुपये, पुढे १० च्या पटीत, मुदत पाच वर्षं. दर ऑक्टोबर २०२३ मध्ये ६.७ टक्के झाला. व्याज दर तीन महिन्यांनी मुद्दलात मिळतं, आणि उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं टिकतो. या दराने शंभराचे ६० हप्ते, म्हणजे ६,००० रुपये भरले तर हातात साधारण ७,१३७ येतात. चक्रवाढ म्हणजे काय हे फळ्यावर सांगण्यापेक्षा हे बरं.

आरडीत शिस्तीचे दात आहेत. पहिल्या पंधरवड्यात उघडली तर हप्ता दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, नंतर उघडली तर महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत. चुकलं तर शंभराला दरमहा एक रुपया दंड. लागोपाठ चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं, आणि ते पुन्हा सुरू करायला दोनच महिने मिळतात. एप्रिल-मे महिन्यांत मूल गावी जातं आणि नेमके तेव्हाच हप्ते चुकायला लागतात. सुट्टीआधीच ते दोन हप्ते भरून ठेवा.

आगाऊ भरण्याची सवलत मात्र कुणी मुलांना दाखवत नाही. शंभराच्या आरडीचे बारा हप्ते एकदम भरले तर ४० रुपये सूट, सहा भरले तर १०. भाऊबीजेच्या ओवाळणीचे १२०० रुपये हातात आहेत असं धरा. एकदम भरायचे, की बचत खात्यात ठेवून दरमहा शंभर काढून भरायचे? दुसऱ्या वाटेने उरत जाणाऱ्या रकमांची बेरीज ११०० पासून १०० पर्यंत ६६०० होते आणि त्यावर व्याज २२ रुपये. इकडे ४०, तिकडे २२. पैशाला एका कामावर लावलं की दुसरं काम सोडावं लागतं, हे इथे आकड्यांत दिसतं. फक्त ते १२०० रुपये वर्षभर अडकतात, हेही सांगा.

आरडीचे हप्ते बचत खात्यातून आपोआप वळते करता येतात. शिकवण्यासाठी ती सोय घेऊ नका. घरी येणाऱ्या एजंटबाईंकडेही हे काम देऊ नका. त्या काम चोख करतात, पण स्लिप त्याच भरतात आणि मुलाच्या वाट्याला नुसतं पासबुक येतं. सुकन्या समृद्धीचंही तेच. मुलीच्या भविष्यासाठी योजना उत्तम, पण मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत सगळा व्यवहार पालकच करतात, म्हणून शिकवायचं साधन म्हणून ती मोजायची नाही.

चौदा-पंधराव्या वर्षानंतर पोस्ट थोडं अपुरं पडतं. कार्ड, ऑनलाइन व्यवहार, फसवणुकीचे मेसेज हे सगळं त्या वयात शिकायला हवं. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये दहा वर्षांवरच्या मुलांना बँकेत स्वतः खातं उघडू-चालवू देण्याचे नियम सुटसुटीत केले. मर्यादा किती आणि कार्ड द्यायचं की नाही, हे प्रत्येक बँक ठरवते. खात्यात शिल्लक असेल तेवढंच खर्च करता येतं, उधारी नाही. तेव्हा आठवीपर्यंत पोस्ट, नववीपासून जोडीला बँक.

पासबुक हरवलं तर दुसऱ्यासाठी ५० रुपये पडतात. तेवढं व्याज मिळवायला १२५० रुपये वर्षभर ठेवावे लागतील, हे मुलालाच काढायला लावा. काही कारणाने वर्षअखेरीस शिल्लक ५०० च्या खाली राहिली तर आणखी ५० रुपये कापले जातात, आणि सलग तीन आर्थिक वर्षं एकही व्यवहार झाला नाही तर खातं निष्क्रिय होतं. ते जागं करायला पासबुक आणि केवायसीची कागदपत्रं घेऊन पुन्हा अर्ज करावा लागतो. अठरा पूर्ण झाल्यावर फॉर्म आणि केवायसी नव्याने भरायचं असतंच. त्या वेळी सहीसुद्धा नवी नोंदवून घ्यावी, दहाव्या वर्षीची तोपर्यंत कुणालाच जमत नाही.